हात सोडा म्हणतंय

जेवणं उरकली, भांडी आत गेली, तरी सायली उठेना. पोलिसात लागून तिला चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा वर्षांच्या एका पोराला बालन्याय मंडळापुढं न्यायची ड्युटी पहिल्यांदाच तिच्या नावावर पडली होती. पोरानं चाकू चालवला होता. सोबत तिची ट्रेनिंगमधली मैत्रीण कहकशा जाणार होती, म्हणून तीही त्या रात्री शहरातल्या टीव्ही सेंटरजवळच्या ह्या घरी मुक्कामाला आली होती.

"आबा," सायली म्हणाली, "बेडी घालायची नाही, दोर लावायचा नाही, गणवेशात जायचं नाही, सगळं शिकवलंय आम्हाला. पण गाडीत तो चावायला लागला, लाथा झाडायला लागला, तर करायचं काय? ते कुणी सांगतच नाही."

सखारामआबा म्हणजे तिचे आजोबा. पस्तीस वर्षं पोलिसात काढून निवृत्त झालेले. त्यांनी गॅलरीचं दार लोटून घेतलं, टीव्ही बंद केला आणि दोघींच्या समोर येऊन बसले.

"सांगतो. ह्याला भुताची गोष्ट म्हणा नाय तर आणखी काय म्हणा. पण घडलेली हाय. ज्याच्यावर घडली तो नऊ वर्षं माझ्या शेजारच्या क्वार्टरात राहिला. ठाण्याचं नाव विचारू नका, माणसं अजून नोकरीत हायेत. आणि मधी बोलू नका."

असं म्हणून आबा सांगू लागले.

तारीख बारा डिसेंबर दोन हजार तेवीस. मंगळवार. अमावस्या होती, पण ते मागाहून कॅलेंडर बघितल्यावर कळलं. त्या दिवशी कुणाच्या ध्यानात नव्हतं. कन्नडकडच्या एका ठाण्यात कारभारी दाभाडे नावाचा हवालदार होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. अंगानं थोराड, मनगटं अशी जाड. एक काळ असा होता की कुणी आरोपी तोंड उघडेना, की कारभारीला हाक मारायचे. मग पाच वर्षांपूर्वी काय झालं कोण जाणे, माणूस एकदम मऊ पडला. पोरांना न्यायची-आणायची ड्युटी तर त्यानं साहेबांपुढं हात जोडून सोडवून घेतली. बंदोबस्त द्या म्हणायचा, रात्रपाळी द्या, मुडद्यावर पहारा द्या. पण पोरगं नको.

त्या दिवशी मात्र सुटका नव्हती. निम्मं ठाणं अधिवेशनाच्या बंदोबस्ताला नागपूरला गेलेलं. आणि दुपारी उसाच्या फडावरनं एक पोरगं धरून आणलं. सुदर्शन त्याचं नाव. सोळा वर्षांचं. मुकादमानं सगळ्यांदेखत त्याच्या आईला झिंज्या धरून ओढलं, तसा ह्यानं हातातला कोयता मुकादमाच्या खांद्यात घातला. मुकादम वाचला, पण हात कामातनं गेला.

पोरगं ऊस तोडून तोडून दोरासारखं पिळदार झालेलं. ठाण्यात आल्यापासून त्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. ट्यूबलाइट फोडली. भिंतीवर डोकं आपटून घेतलं. संघपाल म्हणून एक नवा शिपाई होता, तुमच्याच वयाचा. त्याच्या हाताला असं चावलं की रक्त आलं. पोराला कोठडीत तर ठेवता येत नाही. मंडळाच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, आज रात्रीच शहरातल्या निरीक्षणगृहात पोचवा, सकाळी मी बघते.

साहेबांनी कारभारीला बोलावलं. "दाभाडे, तुम्हीच जा. संघपालला घ्या. आणि गाडीत काय करायचं ते करा, मला सांगू नका."

कारभारीनं टोपी काढून काखेत धरली. मग म्हणाला, "व्हय साहेब."

गाडी होती कमरोद्दीनची. पोरांना न्यायला पोलिसांची गाडी चालत नाही, म्हणून ठाण्याचं अन् त्याचं जमलेलं. साठीला आलेला माणूस, दिवसा कन्नड ते शहर प्रवासी भरायचा. जुनी क्रूझर. पुढं ड्रायव्हर, मधी एक आडवी सीट आणि मागं समोरासमोर दोन बाकडी. सगळे त्याला कमरूभाई म्हणायचे. कारभारी गाडीपाशी आला तसं कमरूभाईनं त्याच्याकडं बघितलं.

"तुम आरैं कारभारीभाऊ?"

"व्हय."

"बच्चा है क्या?"

"व्हय."

कमरूभाईनं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसत बसला.

रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. मधल्या सीटवर सुदर्शन, एका बाजूला कारभारी, दुसऱ्या बाजूला संघपाल, दोघं साध्या कपड्यात. मागची बाकडी मोकळी. थंडी लई होती. काचा बंद.

पहिली दहा-बारा किलोमीटर पोरगं दगडासारखं बसलं. कारभारी खिडकीतनं बाहेर बघत होता. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या एकामागं एक, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली. हतनूर मागं पडलं. ट्रॉल्या संपल्या. रस्ता मोकळा झाला.

आणि पोरगं उसळलं.

आधी संघपालच्या तोंडावर कोपर. मग दोन्ही पाय उचलून पुढच्या सीटवर लाथा. कारभारीनं कंबरेला मिठी घातली तर पोरगं तिच्यातनं मासळीसारखं निसटलं आणि मागनं कमरूभाईच्या गळ्यालाच झोंबलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली, खडीवरनं घसरत गेली आणि एका उसाच्या बांधाला जाऊन टेकली. इंजिन बंद पडलं. सगळे वाचले, ते नशीब.

संघपालच्या नाकातनं रक्त येत होतं. त्यानं सीटखाली हात घातला आणि टपावरचं सामान बांधायचा नायलॉनचा दोर ओढून काढला.

"दाभाडे मेजर, आता बास. ह्याला बांधू द्या. हात मागं बांधून पालथा टाकू मागं. नाय तर हा आपल्या तिघांचा जीव घेतो."

"नाय," कारभारी म्हणाला.

"मग करायचं काय?"

कारभारीनं पोराला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि पोरगं त्याच्या छातीवर डोक्यानं धडका देत होतं. एक. दोन. तीन. प्रत्येक धडकेला कारभारीचा श्वास अडकत होता. संघपालनं दोराला फास केला आणि पुढं सरकला.

आणि पोरगं थांबलं.

कुणी काही केलं नव्हतं. ते आपलं आपण थांबलं. मान वळवून मागं बघायला लागलं. मागच्या दोन बाकड्यांच्या मधी, खाली.

"त्याला कशाला बांधलंय?" सुदर्शननं विचारलं.

त्याचा आवाज पहिल्यांदाच साधा आला. पोरासारखा.

"कुणाला रे?" संघपाल म्हणाला.

"ते काय. खाली पडलंय ते."

संघपालनं मोबाइलची बॅटरी मागं मारली. रबरी चटई. कोपऱ्यात स्टेपनी. दुसरं काही नाही.

"कोण नाय तिथं. नाटकं करू नको."

"पालथं पडलंय," पोरगं म्हणालं. "हात मागं बांधलेत. दम लागतोय म्हणतंय."

कमरूभाईनं आरसा हातानं खाली वळवला. त्यात मागचं दिसू नये म्हणून. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, आणि त्याचे ओठ हलायला लागले.

पोराला धरलेले कारभारीचे हात आपोआप सुटले.

इथं सखारामआबा थांबले. कहकशानं गुडघे जवळ ओढून घेतले होते. आबांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, प्यायलं नाही.

"त्याच्या पाच वर्षं आधीचं सांगावं लागतंय," ते म्हणाले.

दोन हजार अठराचा ऑक्टोबर. हीच गाडी, हाच रस्ता, हाच कारभारी. पोरगं दुसरं. सांडू नाव. पंधरा वर्षांचं. गॅरेजवर कामाला होतं. मालक रोज मारायचा, एक दिवस पोरानं मालकाच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. तेही असंच पिसाळलेलं. तेही असंच चावलेलं, कारभारीलाच, ह्या अंगठ्याच्या खाली. कारभारीला राग आला. राग आला म्हणजे काय, त्या वेळचा कारभारी तो. त्यानं गळ्यातली दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली, पोराचे दोन्ही हात मागं घेऊन आवळून बांधले, बाकड्यांच्या मधी पालथं टाकलं आणि पाठीवर गुडघा ठेवला. सोबतचा शिपाई पुढं बसून डुलक्या घेत होता.

पोरगं ओरडलं. मग रडलं. मग म्हणालं, काका, दम लागतोय. मग म्हणालं, काका, हात सोडा.

कमरूभाई म्हणाला, "भाऊ, बच्चा है. छोड दो."

कारभारी म्हणाला, "तू गाडी चालव."

थोड्या वेळानं पोरगं गप झालं. ते गप झालं तसं कारभारीला बरं वाटलं. हे त्यानंच मला सांगितलं बरं का. "आबा," म्हणाला, "मला बरं वाटलं. म्हटलं, चला, झोपलं."

निरीक्षणगृहाच्या फाटकापाशी त्यानं गाठ सोडली, दस्ती खिशात घातली आणि पोराला हलवलं. पोरगं उठलं नाही.

कागदावर आलं, प्रवासात अचानक प्रकृती बिघडली. लहानपणी धाप लागायची, तेही आलं. दस्तीचं कुठं आलं नाही. झोपलेल्या शिपायानं काही बघितलंच नव्हतं. ज्यानं बघितलं होतं त्या कमरूभाईला कुणी विचारलं नाही, आणि त्यानं आपणहून सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. सांडूची आई दवाखान्यात आली होती, मनकर्णाबाई. ती बाई रडली नाही, ओरडली नाही. कारभारीकडं एकदा बघितलं आणि पोराला घेऊन गेली. तिची वस्ती ह्याच रस्त्याला. गल्ले बोरगावच्या अलीकडं, उसाच्या पलीकडं.

जिथं आता गाडी बांधाला टेकून उभी होती, तिथनं फार लांब नाही.

"खिडकी उघडा म्हणतंय," सुदर्शन म्हणाला.

संघपालनं कारभारीकडं बघितलं. कारभारीनं आपल्या बाजूची काच खाली केली. गार वारा आत आला.

"अजून."

कारभारीनं हात लांब करून मागच्या बाकड्याजवळची काच सरकवली. मग संघपालकडची. कमरूभाईनं न बघताच पुढच्या दोन्ही काचा खाली घेतल्या. आता गाडीत उसाच्या पाल्याची सळसळ ऐकू येत होती. दुसरं काही नाही.

नाही... दुसरं होतं.

कुणीतरी श्वास घेत होतं. बारीक. अडकत अडकत. रबरी चटईच्या दिशेनं.

संघपालनं ऐकलं. त्यानंही मला सांगितलं, मी ऐकलं म्हणून. त्याच्या हातातला दोर खाली पडला.

"मेजर..."

"बॅटरी बंद कर," कारभारी म्हणाला.

"हात सोडा म्हणतंय," सुदर्शन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सोडा की ओ काका. का सोडत नाय तुमी?"

कारभारी खाली उतरला. गाडीला वळसा घालून मागं आला. मागचं दार उघडलं. आत अंधार. तो चढला आणि दोन बाकड्यांच्या मधी गुडघ्यांवर बसला.

आणि त्यानं हात पुढं केला.

काय लागलं हाताला, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही.

आधी केस. घामानं ओले. एवढ्या थंडीत.

मग पाठ. लहान. हाडं हाताला लागत होती.

मग हात...

मनगटं गार होती. त्यावर कापड. कापडाला गाठ. गाठ त्याचीच होती. बैलाला दावं बांधताना घालतो तशी दुहेरी, बापानं शिकवलेली. ओढून ओढून दगडासारखी झालेली. पाच वर्षं कुणीतरी ओढत असावं, अशी.

त्याला ती सुटेना.

संघपालला बाहेरच्या उजेडात, चांदण्यांचा काय असेल तेवढा, एवढंच दिसत होतं की म्हातारा होत आलेला एक माणूस मोकळ्या चटईवर वाकलाय आणि त्याची बोटं हवेत चालतायत. नखं मोडली तरी चालतायत. तोंडानं काहीतरी बोलतोय. संघपालनं कान दिला.

"थांब बाळा... थांब. सोडतो. सोडतो मी. लई घट्ट झाली रं..."

बराच वेळ गेला. दहा मिनिटं म्हणतो संघपाल. कमरूभाई म्हणतो, अर्धी रात.

मग कारभारीनं गाठीला दात लावले.

मग... सुटली.

श्वासाचा आवाज थांबला. कारभारीला वाटलं, पुन्हा तेच झालं. पुन्हा मारलं आपण. त्यानं दोन्ही हातांनी चाचपडून बघितलं. नुसती चटई. गार.

"सांडू?" तो म्हणाला.

काही नाही.

"सांडू... पालथा नको झोपू रं बाळा."

तेवढ्यात सुदर्शन म्हणाला, "गेलं ते."

"कुठं?"

"उतरलं. तुमच्या अंगावरनंच गेलं की. तिकडं." पोरानं उसाकडं बोट दाखवलं. वारं पडलं होतं. पाला हलत नव्हता. फक्त एका सरीतला हलत होता. आत आत, लांब लांब. मग तोही थांबला. पलीकडं, लई लांब, एका घराचा दिवा दिसत होता.

कारभारी तिथंच बसून रडला. पन्नाशीतला हवालदार, मागच्या बाकड्याला डोकं लावून, लहान लेकरासारखा. त्याला कुणी गप केलं नाही. कमरूभाई पुढं बसल्या बसल्या रडत होता, म्हणत होता, "मैं बोल सकता था भाऊ. मैं रोक सकता था गाडी. मैंने नै रोकी."

मग सुदर्शन उतरला. संघपाल दचकला, वाटलं पळतंय. चहूकडं ऊस, अंधार, धरणारं कुणी नाही. पण पोरगं गाडीच्या मागं आलं आणि कारभारीच्या पुढं उभं राहिलं.

"माझे बांधणार का?" त्यानं विचारलं.

"नाय," कारभारी म्हणाला.

"आणि मी चावलो तर?"

"चाव."

पोरगं मागच्या दाराला टेकलं. "आईला ठाण्यात भेटू नाय दिलं मला," म्हणालं. दिवसभरात त्यानं स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट. कुणी विचारलंच नव्हतं. कारभारीनं तिथंच फोन काढला, फडावरच्या कुणाचा नंबर मिळवला आणि पोराला आईशी बोलायला लावलं. पोरगं फारसं बोललं नाही. "जेवलीस का," एवढंच तीनदा विचारलं.

गाडी चालू झाली. काचा उघड्याच ठेवल्या. कारभारीनं पोराला खिडकीशी बसवलं आणि आपलं जर्किन त्याच्या अंगावर टाकलं. वेरूळ गेलं, खुलताबाद गेलं. दौलताबादच्या वेशीतनं गाडी निघाली तेव्हा पोराचं डोकं कारभारीच्या खांद्यावर होतं. झोपलं होतं. कारभारी मात्र दर दोन मिनिटांनी त्याच्या नाकापुढं बोट धरून बघत होता. फाटकापर्यंत बघत होता.

साडेबारा वाजता पोराला आत दिलं. सही झाली. कारभारीनं संघपालला सांगितलं, तू जा गाडीनं. मला काम आहे.

रात्रभर तो मध्यवर्ती बसस्थानकावर बाकावर बसून राहिला. पहाटेच्या पहिल्या एसटीनं उलटा निघाला. वस्तीच्या फाट्यावर उतरला तेव्हा नुकतं उजाडत होतं. उसातनं पायवाट होती. तो चालत गेला.

मनकर्णाबाईचं घर दोन खणांचं, मातीच्या भिंतींचं. बाई दारात चूल पेटवत होती. तिनं मान वर केली आणि ओळखलं. पाच वर्षं झाली होती, तरी लगेच ओळखलं.

कारभारी लांबच उभा राहिला. त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. म्हणाला, "बाई, तुमचं पोर आजारानं नाय गेलं. मी त्याचे हात बांधले व्हते. पालथं टाकलं व्हतं. पाठीवर गुडघा दिला व्हता. ते म्हणत व्हतं दम लागतोय, मी ऐकलं नाय. मीच मारलं त्याला."

बाईनं चुलीत काटकी सारली. फुंकर मारली. जाळ लागला.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

कारभारीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"घरी आणल्यावर मीच न्हाऊ घातलं त्याला. दोन्ही मनगटं बघितली मी. काळे वळ व्हते." तिनं स्वतःच्या मनगटावर बोट फिरवून दाखवलं. "पहिल्या दिसापासनं ठाव हाय. मी वाट बघत व्हते, कोण येऊन सांगतंय का."

"मग बोलला का नाय कुणाला?"

"इचारलं कुणी मला?"

कारभारी खाली मातीत बसला. बाईनं त्याला बस म्हटलं नाही, ऊठ म्हटलं नाही. चहा ठेवला होता, तो तिनं दोन कपात ओतला. एक त्याच्या पुढं ठेवला.

"पी," म्हणाली. "आन् हे मला नको सांगू. जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग."

पुढचं आधी सांगून टाकतो. कारभारी त्याच दिवशी शहरात मंडळापुढं गेला आणि लिहून दिलं. संघपालनं अडवलं होतं, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला म्हणून. त्यानं ऐकलं नाही. कमरूभाई दुसऱ्या दिवशी आपणहून गेला आणि त्यानंही लिहून दिलं. कारभारी निलंबित झाला, केस उभी राहिली, अजून चालू आहे. क्वार्टर सोडायच्या आदल्या रात्री तो इथं ह्या घरी माझ्याकडं आला होता, तेव्हाच हे सगळं मला सांगितलं. सुदर्शन काही महिन्यांनी सुटला. आयटीआयला जातो म्हणतात. कमरूभाईनं गाडी ठेवली, पण मागची बाकडी काढून टाकली.

पण त्या सकाळचं एक राहिलंच.

चहा पिऊन कारभारी उठला. त्यानं रात्रीचं तिला काही सांगितलं नव्हतं. गाडी बंद पडली ते नाही, पोरानं काय बघितलं ते नाही. सांगायचं धाडसच झालं नाही. नमस्कार केला आणि वळला. वळताना त्याची नजर घराच्या पुढच्या भिंतीवर गेली. भिंत नवी लिंपलेली होती. शेणामातीची, अजून ओली.

"काल तिन्हीसांजेला लिंपली," बाई त्याच्या मागनं म्हणाली. "अंगण बी सारवलं. मंग दार लावून झोपले."

सारवलेल्या अंगणात तिची स्वतःची पावलं होती, दारापासून चुलीपर्यंत. आणि कारभारीची, वाटेपासून बसला तिथपर्यंत. तिसऱ्या कुणाचं पाऊल कुठं नव्हतं.

पण भिंतीवर हाताचे पंजे उठले होते. ओल्या मातीत, बोटं फाकून, पार खोल. मोठ्या माणसाचे नव्हते. बाईचेही नव्हते.

"सकाळी उठले तर असं," ती म्हणाली. "मी पुसलं नाय."

कारभारी जवळ गेला. हात नाही लावला. नुसतं बघितलं.

दोन पंजे होते. एक दाराच्या ह्या अंगाला. आणि दुसरा पार त्या अंगाला... दोन्ही हात पुरते पसरल्याशिवाय पोचणार नाही, इतका लांब.